जुने दूरभिंग, नवा कॅमेरा

फिल्मचा जमाना सरला तेव्हा गावोगावच्या फोटो स्टुडिओंची कपाटे रिकामी झाली. त्यांतून निघालेली कितीतरी लांब भिंगे आज या हातातून त्या हातात फिरत आहेत. असे २०० मिलिमीटरचे, हाताने फिरवून फोकस करावयाचे एखादे जुने भिंग निपाणीच्या होतकरू मुलाला कोणी देऊ केले, तर ते घ्यावे की न घ्यावे हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. पक्षी टिपण्याच्या नव्या दूरभिंगाची किंमत लाखाच्या घरात जाते. जुने चांगले निघाले तर हौसेला वाट मिळते. वाईट निघाले तर साठविलेले पैसे पाण्यात जातात. बहुधा होते असे की, घाईघाईने दोनचार फोटो काढले जातात, ते धूसर येतात आणि भिंग निकामी ठरते. त्या धूसरपणात भिंगाचा अपराध किती, हाताचा किती आणि हवेचा किती, याची वाटणी कोणी करीत नाही. परीक्षा म्हणजे ही वाटणीच होय.

दूरभिंगाची मूळ युक्ती जुनी आहे. लंडनच्या टॉमस डालमायर यांनी १८९१ साली तिचे पेटंट घेतले. पुढे प्रकाश एकवटणाऱ्या काचा आणि मागे त्याला किंचित पसरविणाऱ्या काचा अशी ही रचना. तिच्यामुळे नळी आखूड राहूनही प्रतिमा मोठी पडते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पुष्कळ भिंगांना ४२ मिलिमीटर व्यासाचे, आट्यांचे तोंड असे, आणि ते फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटरवर बसावे असा हिशेब होता. आजच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांपैकी सोनीच्या कॅमेऱ्यात हे अंतर १८ मिलिमीटर आहे. उरलेले २७.४६ मिलिमीटर भरून काढण्यासाठी मध्ये अ‍ॅडॅप्टर नावाचे पोकळ कडे बसवितात. नायकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यात मात्र अंतर ४६.५ मिलिमीटर, म्हणजे भिंगाला हवे त्याहून अधिक. साध्या कड्याने जोडलेले हे भिंग तेथे दूरच्या डोंगरावर फोकस होणारच नाही. दोष जुळणीचा, आणि आळ मात्र भिंगावर!

पहिली तपासणी कॅमेऱ्याविना करावी. बेळगावचा पावसाळा भिंगांना मानवत नाही. अंधाऱ्या खोलीत एका बाजूने विजेरीचा झोत टाकून काचेतून तिरके पाहिले की आतील बुरशीचे कोळिष्टकासारखे तंतू दिसू लागतात. कडेला दोनचार तंतू असले तर चित्रात फारसा फरक पडत नाही. साऱ्या काचेवर दुधी पापुद्रा चढला असेल तर मात्र उजेडासमोरचे प्रत्येक चित्र फिके येईल, आणि त्या भिंगाला हात न लावणे बरे.

दुसऱ्या तपासणीसाठी परदेशी तक्ते मागविण्याचे कारण नाही. सीमाभागात मराठी आणि कानडी वर्तमानपत्रे एकाच दुकानात मिळतात. दोन्हींची पाने सपाट भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवावीत आणि सुमारे १५ फुटांवर तिवई रोवावी. देवनागरीची शिरोरेषा आडवी, काना उभा. चौकटीच्या डाव्या किंवा उजव्या कडेला शिरोरेषा धारदार आणि काना पुसट आला, किंवा उलट झाले, तर भिंग आडव्या-उभ्या रेषांना सारखा न्याय देत नाही असे समजावे. कानडीच्या वाटोळ्या वळणांत तर दोन्ही दिशा एकाच अक्षरात सापडतात. एवढी सोय परदेशी तक्त्यातही क्वचितच असेल! एकच बाजू धूसर आली तर कागद न हलविता कॅमेरा वाळूच्या पिशवीवर उलटा ठेवून पुन्हा चित्र घ्यावे. धूसरपणा कागदाच्या दुसऱ्या बाजूस गेला तर भिंगातील एखादी काच जागेवरून सरकली आहे. कागदाच्या त्याच बाजूस राहिला तर भिंत आणि कॅमेरा समोरासमोर नव्हते.

हे चित्र छिद्र पूर्ण उघडे ठेवून, मग ५.६वर, मग ८वर घ्यावे. उघड्या छिद्राशी काळ्या अक्षरांना जांभळट किनार दिसणे हा जुन्या दूरभिंगांचा स्वभाव आहे. ८वरही ती तशीच राहिली तर काळजी करावी. फोकससाठी पडद्यावरील रंगीत कडांवर विसंबू नये. प्रतिमा दहापट मोठी करून डोळ्याने ठरवावे.

आता हाताचा वाटा. भिंगाची लांबी कॅमेऱ्याला आपोआप कळत नाही. कॅमेऱ्यात कंप शमविण्याची सोय असेल तर २०० हा आकडा स्वतः भरावा लागतो. नाही तर ती सोयच चित्र बिघडविते. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीत, १२०४ सालच्या त्या मंदिराच्या छतातील दगडी कमळ टिपावयाचे झाले तर तेथील अंधुक उजेडात हात टिकणार नाही, आणि तिवईला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. (गाव लष्करी ठाण्याचे आहे, लांब नळी कोठे रोखावी याचेही भान असावे.) तवंदीच्या घाटातून दुपारी निपाणीचे शिवार टिपणाऱ्याला तिसरा वाटेकरी भेटतो. एप्रिलच्या उन्हात जमिनीवरची तापलेली हवा हेलकावत असते, आणि महागातले नवे भिंगही तिच्यापुढे हात टेकते. तेच शिवार सकाळी साडेसहाला पाहावे.

या सर्वांतून उतरलेले भिंग घेऊन हिवाळ्यात घटप्रभेच्या काठी धुपदाळला जावे. उडत्या करकोच्याच्या मागे फोकसचे कडे फिरवीत धावणे व्यर्थ आहे. पाण्यातील एखाद्या खुंटावर आधीच फोकस बांधावा, सेकंदाच्या ५००व्या भागाहून कमी वेळ ठेवावा आणि बगळा तेथे येऊन बसेपर्यंत थांबावे. परतल्यावर भिंग हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे. त्याचे मूळचे चामडी खोके दिसावयास कितीही देखणे असले तरी ते ओल धरून ठेवते आणि बुरशी त्यातूनच पुन्हा काचेवर येते. म्हणून ते निराळ्या फळीवर असावे.