भिंतीवरची गोधडी आणि घरातला कोपरा

(शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या शिवणकाम करणाऱ्या बायका शहापुरात जमल्या होत्या. तिथे केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)

मैत्रिणींनो,

भिंतीवर लावायच्या गोधड्यांचं शेवटचं काम कसं करायचं आणि घरात शिवणाची जागा कशी लावायची, यावर बोल असं मला सांगितलं आहे. विषय ऐकून माझे मालक म्हणाले, "यावर भाषण करण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "आपल्या घरात माझी मशीन कुठे असते ते सांगा बघू." त्यांना सांगता येईना. त्यात त्यांची चूक नव्हती. मशीनला जागाच नव्हती. सकाळी ती ओटीवर, पाहुणे आले की आतल्या खोलीत, भात झोडून घरात आलं की पोत्यांच्या मागे. टीव्हीला जागा होती, मोटरसायकलला जागा होती. महिन्याचा किराणा जिच्या पैशातून येत होता, त्या मशीनला नव्हती.

मी मुरबाड तालुक्यातली. माझी आई वाकळ शिवायची. जुनी लुगडी, धोतरं, फाटके सदरे एकावर एक अंथरायची आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत जायची. आवणी संपली, हाताला जरा उसंत मिळाली की आळीतल्या चार बाया मिळून एकेकीची वाकळ पुरी करत. त्याला कुणी काम म्हणत नव्हतं. 'बसल्या बसल्या शिवते' असंच म्हणत. आपल्या हातांनी केलेल्या कामाला 'बसल्या बसल्या' हा शब्द फार जुना चिकटला आहे. तोच पुढे आपल्या मजुरीत उतरतो. कसा, ते सांगते.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्यासाठी मी भिंतीवरच्या गोधड्या शिवू लागले. दोन फूट रुंद, तीन फूट लांब. तुकडे तो द्यायचा. दोरा, सुया, मशीनचं तेल आणि वीज माझी. पहिल्या खेपेला बारा नग दिले, त्यातले पाच परत आले. का, तर कडा लाटांसारख्या झाल्या होत्या आणि टांगल्यावर खालचा कोपरा पुढे वळत होता. त्या पाचांचे पैसे मिळाले नाहीत, वर कापडाचे कापून घेतले. मी रडले. मग एक परत आलेला नग उसवून बघितला. कुठे चुकलं ते मला त्यातूनच कळलं. तेच आज सांगते, म्हणजे तुम्हाला पाच नग वाया घालवून शिकायला नको.

पांघरायची वाकळ थोडी वाकडी असली तरी चालते, अंगावर कुणाला दिसत नाही. भिंतीवर मात्र सगळं उघडं पडतं. म्हणून कापड आधी धुऊन, आटवून घ्या. लाल आणि गडद निळं ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. रंग उतरला तर ते पांढऱ्याशेजारी लावू नका. अस्तर चारी बाजूंनी दोन इंच मोठं घ्या. मधला थर पातळ ठेवा, धुऊन मऊ झालेली सुती साडी पुरते. जाड थर लोंबतो. तिन्ही थर मधून कडेकडे हात फिरवत सपाट करा आणि कच्चा दोराही मधूनच घालायला घ्या. आपल्या आया कडेपासून आत जात. पांघरुणाला ते ठीक. भिंतीवरच्या कामात मात्र मधे फुगा राहतो. आणखी एक, मधे दाट टाके आणि कडेला विरळ असं करू नका. दाट टाक्यांनी कापड आकसतं, विरळ भाग सैल राहतो. माझ्या लाटांचं पहिलं कारण हेच होतं.

टाके झाले की लगेच गोट लावायला घेऊ नका. आधी टेप घ्या. दोन्ही तिरकी मापं, म्हणजे या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, सारखी आली तरच नग काटकोनात आहे. नसेल तर कडा कापून सरळ करा. मग रुंदी आणि लांबी कडेला मोजू नका, बरोबर मधून मोजा. कड ताणलेली असते, ती खोटं माप देते. मधून २४ इंच भरले तर त्या बाजूला गोटही २४ इंचच बसला पाहिजे. टाचण्या लावून कड त्यात सामावून घ्या. पट्टी नुसती धरून टीप मारत गेलं की मशीनखाली कड ताणत जाते. माझ्या लाटांचं दुसरं कारण हे.

गोटाची पट्टी अडीच इंच रुंद कापून दुहेरी दुमडा. सरळ कडेला सरळ कापलेली पट्टी चालते. गोल कड असेल तरच उरेब कापा, उरेबीत कापड जास्त जातं. २४ बाय ३६ च्या नगाचा घेर १२० इंच. कोपरे आणि जोड धरून पट्टी १३० इंच लागते. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून तीन पट्ट्या १३२ इंच भरतात खऱ्या, पण किनार आणि तिरके जोड यात जातात, म्हणून चार काढा. म्हणजे गोटाला दहा इंच कापड लागलं. हा हिशोब वहीत लिहा, पुढे मजुरी मागताना उपयोगी पडतो. कोपरा आला की टीप कडेपर्यंत नेऊ नका. कडेपासून टिपेचं जेवढं अंतर, तेवढं आधीच थांबा. पट्टी तिरकी वर दुमडा, मग खाली आणा आणि पुढची बाजू सुरू करा. कोपऱ्याची घडी टोकदार बसते. मागची बाजू हाताने हेमिंग करा.

आता टांगायचं कसं? वर दोन लूप लावले की मधला भाग लोंबतो. परकराला घालतो तसा नेफा घाला. रुंदीपेक्षा दोन इंच कमी लांबीची नळी शिवा आणि अस्तरावर हाताने टाचा. सुई पुढच्या कापडात जाऊ देऊ नका. नेफ्याची बाहेरची बाजू किंचित सैल ठेवा, नाहीतर काठीचा गोल पुढून दिसतो. खालीही एक बारका नेफा आणि त्यात पातळ पट्टी घातली की कोपरा पुढे वळत नाही. कच्चा बांबू किंवा कच्चं लाकूड तसंच घालू नका, वर्षभरात कापडावर पिवळा डाग उतरतो. व्हार्निश लावा किंवा फडकं गुंडाळा. शेवटी अस्तरावर कापडाची चिठ्ठी शिवा. शिवणारीचं नाव, गाव, साल. यावर मी पुन्हा येणार आहे.

हे सगळं शिकल्यावर माझे नग परत येईनात. पण एके दिवशी मी घड्याळ लावून बसले. तुकडे जोडायला नऊ तास. टाक्यांना अकरा. माप, गोट, नेफा, हेमिंग, इस्त्री यांना सात. एकूण सत्तावीस तास. व्यापारी पैसे देत होता जोडकामाचे आणि टाक्यांचे. मी सात तासांचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, फिनिशिंग त्यातच आलं." ज्या सात तासांमुळे नग पास होतो किंवा परत येतो, तेच तास फुकट! आपल्या घरातही असंच नाही का? भाकरी भाजली ते दिसतं. चूल सारवली, पीठ चाळलं, परात घासली ते 'त्यातच आलं'.

मैत्रिणींनो, इथे मी जागेकडे येते. हे सात तास मी कुठे आणि कधी काढत होते? रात्री दहानंतर, जमिनीवर वाकून, दिव्याकडे पाठ करून. शहापूर तालुक्यातल्या बहिणींना वेगळं सांगायला नको. तानसा आणि भातसा ही धरणं तुमच्या तालुक्यात, त्यांचं पाणी मुंबईला, आणि एप्रिल-मे आला की टँकरची वाट बघत हंडे तुमच्याच डोक्यावर. पाण्यात गेलेला दिवस शिवणातून वजा होतो आणि रात्र त्यात भरावी लागते. निदान ती रात्र नीट जागेवर तरी जावी.

मी काय केलं ते सांगते, खर्च फारसा नाही. खिडकीजवळचे चार फूट मागून घेतले. 'मागून घेतले' म्हणते, कारण त्यासाठी घरात तीन दिवस बोलणं झालं. सुई उजव्या हातात धरत असाल तर उजेड डावीकडून यावा, नाहीतर हाताची सावली टाक्यावर पडते. कापणी जमिनीवर करू नका, कंबर जाते. खाटेखाली विटा लावून वर प्लायवूड टाकलं, कमरेइतकी उंची झाली. भिंतीवर एक जुनं ब्लँकेट ठोकलं. त्यावर सुती तुकडे न टाचता चिकटून राहतात, लांबून रंग बघता येतात आणि घरात कुणी आलं तरी पसारा आवरावा लागत नाही. चिंध्या मापाने न लावता फिक्या, मध्यम, गडद अशा तीन पिशव्यांत भरल्या. हात बरोबर जातो. कात्री खिळ्याला, कागदाची वेगळी. सुया मोजून डबीत, घरात लहान मूल असेल तर रोज मोजून.

आपल्याकडचा पाऊस म्हणजे कापडाचा वैरी. फळी जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. तयार नग प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, दमट हवा आत अडकते आणि बुरशी धरते. घडीही नको. पुढची बाजू बाहेर ठेवून सुती साडीत गुंडाळा. उघडीप मिळाली की वारा द्या.

कोपरा झाला आणि दोन गोष्टी बदलल्या. सत्तावीस तासांचे बावीस झाले, कारण रोजची मांडामांड वाचली. आणि मुलगी शेजारणीला म्हणाली, "आई कामावर बसली आहे." 'शिवत बसली आहे' असं म्हणाली नाही.

हा प्रश्न फक्त आपला नाही. अहमदाबादेत गिरण्यांच्या चिंध्या घरी आणून गोधड्यांच्या खोळी शिवणाऱ्या बायका व्यापारी देईल त्या दरावर काम करत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्या 'सेवा' संघटनेत एकत्र आल्या, दरासाठी भांडल्या, पुढे त्यांनी स्वतःची सहकारी संस्था काढली. अमेरिकेत अलाबामा राज्यात मतदार म्हणून नाव नोंदवलं म्हणून कित्येक काळ्या कुटुंबांना जमीनदारांनी घराबाहेर काढलं होतं. तिथल्या बायकांनी १९६६ साली गोधड्या शिवणारी सहकारी संस्था काढली, 'फ्रीडम क्विल्टिंग बी'. 'बी' म्हणजे जमून शिवणं, आपली आळीतली वाकळच. त्यांनी जमीन घेऊन १९६९ साली स्वतःचं शिवणकेंद्र बांधलं आणि त्या जमिनीतले काही तुकडे बेघर झालेल्या कुटुंबांना घरासाठी विकले. बघा, शिवणाची जागा मागता मागता त्या कुठवर पोचल्या! त्याच भागातल्या जीज बेंड गावच्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या, शिवणाऱ्या बायकांच्या नावांसकट. म्हणून म्हणते, चिठ्ठीवर नाव घाला. व्यापारी ती उसवेलही. माझ्या उसवल्या आहेत. तरी घाला.

कायद्याचं थोडं सांगते. जिनीव्याच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली घरकामगारांचा करार मंजूर केला, क्रमांक १७७. धुणीभांडी करणाऱ्यांचा नव्हे, घरी बसून दुसऱ्यासाठी माल तयार करणाऱ्यांचा. मशीन कुणाची, दोरा कुणाचा यावर कामगार ठरत नाही आणि मजुरीत इतर कामगारांच्या बरोबरीची वागणूक मिळावी, असं तो सांगतो. भारताने त्यावर अजून सही केलेली नाही. आपल्याकडच्या २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गृह-आधारित कामगाराची व्याख्या आहे. २०२१पासून ई-श्रमवर असंघटित कामगारांची नोंदणी होते. त्यात धंद्यापुढे 'गृहिणी' लिहू नका, शिवणकाम लिहा. नोंदणीने दर वाढत नाही हे मला ठाऊक आहे. पण कागदावर कामगार नसलेल्या बाईचं दर मागणं कुणी ऐकत नाही.

शेवटी व्यापाऱ्याचं काय झालं? मी आणि आणखी पाचजणींनी तासांच्या वह्या त्याच्यापुढे ठेवल्या. गोट आणि नेफ्याचे पैसे वेगळे लावा म्हटलं. तो दोन महिने आला नाही. ते दोन महिने सोपे नव्हते. एक मैत्रीण जुन्या दराने परत गेली. तिला मी दोष देत नाही, तिच्या घरात आजारपण होतं. मग तो आला. सात तासांचे नाही, चार तासांचे कबूल केले. उरलेले तीन अजून मागतो आहोत.

तेव्हा घरी गेलात की दोन कामं करा. मशीनला जागा ठरवा आणि घड्याळ समोर ठेवून एक नग पुरा करा, शेवटच्या हेमिंगपर्यंत. पुढच्या खेपेला वह्या घेऊन या. सगळ्यांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवू आणि दर आपण ठरवू.

एवढं बोलून थांबते.