अर्धे कागद

मायबाप हो, आजच्या सेवेला मी तुकोबारायांच्या चरित्रातला एक प्रसंग घेतला आहे. तुम्हाला तो पाठ आहे. मलाही होता. पाठ असलेली गोष्ट कळायला मात्र फार वर्षं लागली, आणि ती ज्यामुळे कळली ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

देहूचं घर सावकारीचं होतं. बोल्होबांनी कारभार तुकोबांच्या हाती दिला. पुढे आईवडील गेले, थोरले सावजी घर सोडून तीर्थाला गेले, आणि १६३० च्या सुमाराचा तो मोठा दुष्काळ पडला. घरातली माणसं गेली, व्यापार बुडाला. मन उठलं आणि तुकोबा डोंगरावर जाऊन बसले. धाकटे कान्होबा शोधत शोधत गेले आणि त्यांना इंद्रायणीकाठी घेऊन आले. तिथे तुकोबांनी घरातली कर्जखतं मागवली आणि लोकांकडून येणं असलेले ते सगळे कागद डोहात सोडायचं ठरवलं.

इथपर्यंत सगळे कीर्तनकार सांगतात. मीही सांगायचो, टाळ वाजायचे, लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. पण मधली एक गोष्ट मी घाईत उरकत असे. कान्होबा म्हणाले, दादा, तुम्ही साधू झालात, मला प्रपंच आहे. तेव्हा तुकोबा रागावले नाहीत, वैराग्यावर प्रवचन दिलं नाही. कागदांचे दोन वाटे केले. कान्होबांचा वाटा कान्होबांच्या हातात दिला, आणि बुडवला तो फक्त आपला वाटा. ध्यानात घ्या, महाराज. आधी वाटणी, मग विसर्जन.

आता माझी गोष्ट सांगतो. माझ्या धाकट्या भावाला टेम्पो घ्यायचा होता. आगाऊ भरायला एक लाख वीस हजार कमी पडत होते. माझ्याकडे दुधाचे साठवलेले पन्नास हजार होते. उरलेल्या सत्तर हजारांसाठी आमच्या घरच्या मंडळींनी हातातल्या पाटल्या काढून दिल्या. मी त्या पतसंस्थेत ठेवल्या. भाऊ म्हणाला, ‘दादा, दिवाळीला देतो.’ लिहून काही घेतलं नाही. भावाकडून काय लिहून घ्यायचं?

एक दिवाळी गेली, दुसरी गेली. पतसंस्थेचं व्याज मी भरत होतो. भाऊ फोन उचलेना. लग्नकार्यात मी मांडवाच्या या बाजूला असलो की तो त्या बाजूला. त्याच्या घरावर स्लॅब पडला, तर मी रस्त्यानं जाताना सिमेंटच्या गोण्या मोजल्या. त्याच्या घरी चहा घेतला तर वाटायचं, ही साखर आपल्याच पैशाची. बघा, तोंडात हरीचं नाव आणि डोक्यात गोण्या! आणि मागितले का? एकदाही नाही. लोकांना वाटायचं, बुवा किती उदार. मी उदार नव्हतो हो, मी भित्रा होतो. मागितले तर नातं तुटेल म्हणून मागितले नाहीत, आणि न मागता नातं आतून कुजत गेलं.

अशात एका गावी हाच प्रसंग सांगितला. डोह, कागद, वैराग्य, सगळं रंगलं. मंडळी पुढेच बसल्या होत्या. परतताना मोटारसायकलवर मागून आवाज आला, ‘अहो, तुकोबांनी आपल्या वाटणीचे कागद बुडवले ना? मग माझ्या पाटल्या कुणाच्या वाटणीच्या?’

मायबाप, गाडी मी बाजूला घेतली. तीस वर्षं चरित्र सांगतोय, आणि त्यातला अर्थ मला मागच्या सीटवरून कळला. दुसऱ्याच्या हक्काचं सोडून देणं याला त्याग म्हणत नाहीत. तुमच्या भावाला पैसे दिलेत, त्यात बायकोचे दागिने आहेत का? आईच्या औषधाचे आहेत का? पोरीच्या शिक्षणाचे आहेत का? असतील तर ते माफ करण्याचा अधिकार तुमचा नाही. आधी वाटे करा.

मी गेलो भावाकडे. कसा गेलो तेही सांगतो, कारण निम्मं काम त्यातच असतं. सणाच्या दिवशी गेलो नाही. भाऊबीजेच्या ताटासमोर पैसे मागू नयेत. चार माणसांत मागितले नाहीत, पोरांसमोर मागितले नाहीत, मामाकडून निरोप धाडला नाही. सकाळी एकटा गेलो, बसलो आणि सरळ आकडा बोललो. गोलगोल बोलून ‘जरा अडचण आहे रे’ असं म्हटलं नाही. अडचण असो नसो, दिलेलं मागायला अडचणीचा दाखला लागत नाही. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात व्यवहाराची अठरा पदं सांगितली आहेत, त्यातलं पहिलंच पद ऋणादान आहे. माणसामाणसांत भांडण कशावरून सुरू होतं, हे त्या लोकांना नीट ठाऊक होतं.

भाऊ काय म्हणाला असेल? म्हणाला, ‘दादा, तू कीर्तनात सांगतोस तुकोबांनी खतं बुडवली, आणि मला मागायला आलास?’

घाव बरोबर बसला. पण रात्री देवानं मंडळींच्या मुखातून उत्तर देऊन ठेवलं होतं. म्हटलं, ‘अरे, ती खतं तुकोबांनी बुडवली. कर्ज घेतलेल्या कुळांनी येऊन बुडवली नाहीत.’

तो गप्प झाला. मग हळूहळू बोलला. टेम्पोचे हप्ते थकले होते, इंजिनाचं काम निघालं होतं. स्लॅब सासरच्या मदतीनं पडला होता. म्हणाला, ‘तुला तोंड दाखवायची लाज वाटत होती.’ म्हणजे बघा, दोन वर्षं मी त्याला लबाड समजत होतो आणि तो मला टाळत होता लाजेनं. मधे फक्त एक प्रश्न विचारायचा राहिला होता.

मी म्हटलं, ‘आता वाटे करू. पन्नास हजार माझे. ते आजपासून इंद्रायणीत गेले, पुन्हा बोलणार नाही. सत्तर हजार तुझ्या वहिनीचे. ते मला सोडता येत नाहीत. महिना तीन हजार दे, पतसंस्थेचं व्याज मी भरतो.’ वहीच्या कागदावर तारीख घालून लिहिलं, त्यानं सही केली. दोनदा चुकला. पण चुकला तेव्हा स्वतः येऊन सांगून गेला. दोन वर्षांवर दोन महिने लागले, आणि पाटल्या घरी आल्या.

कुणी म्हणेल, बुवा, तुमचा भाऊ वळला, आमचा वळत नाही. खरं आहे, प्रत्येकाचा वळतोच असं नाही. आमच्या दिंडीत एक वकील चालतात, त्यांनी मला सांगितलं ते तुम्हाला सांगतो. उसने पैसे परत मागण्याचा दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो, आणि फेडीची तारीख ठरली नसेल तर ती तीन वर्षं पैसे दिल्या दिवसापासून धरतात. ‘बघू, देईल’ म्हणत बसाल, तर मुदत सरते. पण मुदत सरण्याआधी घेणाऱ्यानं ‘मी इतके देणं लागतो’ असं सहीनं लिहून दिलं, तर तिथून नवी तीन वर्षं सुरू होतात. म्हणून कागद करा. पैसे बँकेतून द्या, खुणा राहतात. आणि कोर्टाचं नाव काढलं की भांडणच, असं नाही. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. दावा न लावताही तिथे अर्ज करून लोकअदालतीत समोरासमोर बसता येतं. फी लागत नाही, आणि तिथे झालेल्या तडजोडीला कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद असते. आपल्या वाट्याचं सोडा, दुसऱ्याच्या वाट्यासाठी ही पायरी चढावी लागली तर चढा. त्यात पाप नाही.

आता घेणाऱ्यांनो, तुम्हीही मंडपात बसला आहात, मला दिसताय. (हशा.) देता येत नसेल तर तोंड लपवू नका. शंभर रुपये घेऊन जा, पण जा. देणेकऱ्याचं न येणंच घेणेकऱ्याला जास्त झोंबतं. आणि ‘आपल्यात कसला हिशोब’ हे वाक्य देणाऱ्यानं म्हणायचं असतं. घेणाऱ्याच्या तोंडी ते शोभत नाही.

शेवटची गोष्ट, आणि ही कबुली आहे. ते पन्नास हजार मी बुडवले म्हणालो ना? बुडवले खरे. पण पुढे भावानं नवा फोन घेतला, तेव्हा रात्री मी मनातल्या मनात डोहाकाठी जाऊन बसलो. कागद वर येतोय का बघत होतो!

त्याच इंद्रायणीत पुढे तुकोबांची गाथा बुडवावी लागली. तेरा दिवसांनी ती कोरडी वर आली, असं आपण श्रद्धेनं सांगतो. पण मायबाप, कर्जखतंही त्याच पाण्यात गेली होती. ती कधी वर आल्याचं कुणी सांगितलं आहे का? तुकोबा ती शोधायलाही गेले नाहीत. गाथेसाठी मात्र ते काठावर बसून राहिले. कशासाठी काठावर बसायचं आणि कशाकडे पाठ फिरवून घरी यायचं, एवढं त्या माउलीला ठाऊक होतं.

म्हणून मागायचं तर सरळ मागा. सोडायचं तर आपलंच सोडा, आणि सोडलं की घरी या. मधे काठावर रेंगाळू नका, तिथे पाय घसरतो.

अशी बुद्धी पांडुरंगानं तुम्हाला द्यावी, मला आधी द्यावी. बोला, राम कृष्ण हरी.