गणित सोडण्याआधी

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच विषय, सायन्स, कॉमर्स की आर्ट्स? मार्कांवरून ठरवू, असं आपण म्हणतो. पण पोरींनी ते पुष्कळदा आठवी-नववीतच मनात ठरवलेलं असतं.

माझंच सांगते. नववीत फळ्यावर भूमितीचं प्रमेय लिहिताना माझी एक पायरी चुकली. सर म्हणाले, "राहू दे, तुला पुढे पोळ्याच लाटायच्यात." सगळा वर्ग हसला. त्यानंतर गणिताच्या तासाला मी कधी हात वर केला नाही. दहावी पास झाले आणि आर्ट्सला गेले. आर्ट्स चांगलंच, पण मी ते आवडीनं घेतलं नव्हतं, गणिताला घाबरून घेतलं होतं. आज आमच्या बचत गटाचा हिशेब मीच ठेवते, व्याज तोंडी काढते!

गेल्या महिन्यात माझी नववीतली लेक म्हणाली, "आई, मला पुढे गणित नकोय." 'बरं' म्हणणार होते, पण थांबले. विचारलं, "गणित नको, की गणिताचा तास नको?" बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "शंका विचारली की मुलं हसतात." आम्ही आठवीचं पुस्तक काढलं. गाडी अपूर्णांकांत अडकली होती. आता रोज रात्री भांडी झाली की दोघी अर्धा तास बसतो. शाळेत जाऊन बाईंशीही बोलले.

अकरावीला गणित सोडता येतं, सायन्सलासुद्धा. पण सोडण्याआधी कोणती दारं बंद होतात ते मुलीला माहीत हवं. इंजिनिअरिंगच्या सीईटीला गणिताचा पेपर असतो. एनडीएची परीक्षा २०२१ पासून मुलीही देतात, पण तिथून हवाई दलात किंवा नौदलात जायचं तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं.

उलटही होतं बरं का. आवडत्या बाईंमुळे विषय आवडतो आणि मुलगी तीच शाखा धरते. पण त्या बाई काही कॉलेजात सोबत येत नाहीत. म्हणून विचारावं, बाई बदलल्या तरी हा विषय तुला हवा आहे का?

माझी लेक पुढे गणित घेईल की नाही, ठाऊक नाही. नाही घेतलं तरी चालेल. फक्त कुणी हसलं म्हणून सोडू नये, एवढंच. तुमच्या लेकीलाही आज जेवताना विचारा.