पावावर लावा घरचा भाजी-चक्का



थंडीत गाजर आणि कोबी भरपूर निघतो. भाव पडला की वाकडी, मोडकी गाजरं जनावरांपुढे जातात. इकडे घरात मुलं पावाला लावायला जॅम मागतात. बाजारात न चालणारी ही गाजरं खायला मात्र तितकीच चांगली असतात. तेव्हा आज आपण पावावर लावायचा मऊ भाजी-चक्का कसा करायचा ते पाहू.

आधी माझी फजिती सांगतो. एका गावी महिला मंडळात मी हा पदार्थ करून दाखवला. तासाभरात त्याला पाणी सुटलं आणि पाव भिजून लगदा झाला. एक आजी म्हणाल्या, "साहेब, मीठ लागलं की किसाला पाणी सुटणारच की! आधी पिळून घ्यायचं." सगळी मेख इथेच आहे. दह्यातलं आणि भाजीतलं पाणी आधी काढा, मग मिसळा.

साहित्य : सायीसकट दूध उकळून लावलेलं दही अर्धा किलो, मध्यम गाजर 1, बारीक चिरलेला कोबी 1 वाटी, ढोबळी मिरची अर्धी, मीठ अर्धा चमचा, मिरपूड पाव चमचा. आवडत असेल तर चिमूटभर मोहरीची पूड.

कृती :
1. दही स्वच्छ फडक्यात बांधून थंडीच्या दिवसांत रात्रभर टांगा. उन्हाळ्यात टांगलं तर आंबेल. तेव्हा चाळणीवर फडकं घालून, खाली पातेलं ठेवून फ्रिजमध्ये निथळा. साधारण 200 ते 250 ग्रॅम चक्का मिळतो.
2. कोबीची वरची पानं काढून टाका. सर्व भाज्या वाहत्या पाण्यात चोळून धुवा. गाजर किसा, मिरची बारीक चिरा.
3. भाज्यांना मीठ लावून 15 मिनिटं ठेवा. मग धुतलेल्या हातांनी घट्ट पिळा.
4. श्रीखंडाला फेटतो तसा चक्का पुरणयंत्रातून काढा, म्हणजे गुठळी राहत नाही. त्यात भाज्या, मिरपूड, मोहरीची पूड मिसळा. चव पाहूनच लागलं तर मीठ घाला.

निथळलेलं पाणी फेकू नका. त्यात कणीक मळा, मात्र मीठ बेतानं घाला.

सायीचं दही का, असं काही ताई विचारतात. गाजरातल्या कॅरोटीनपासून शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करतं. हे जीवनसत्त्व डोळ्यांना लागतं. पण कॅरोटीन अंगी लागायला थोडी स्निग्धता हवी असते. ती सायीतून मिळते.

आता काळजीच्या दोन गोष्टी. या पदार्थात भाजी कच्ची आहे. म्हणून पिकावर औषध फवारलं असेल तर डब्यावर लिहिलेला प्रतीक्षा कालावधी संपेपर्यंत भाजी काढू नका. नुसतं धुऊन सगळं औषध निघत नाही. विकायच्या भाजीलाही हाच नियम पाळा. खाणारं लेकरू दुसऱ्याचं असलं तरी लेकरूच आहे.

दुसरी गोष्ट, भाजी-चक्का लोणच्यासारखा टिकत नाही. झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. फ्रिज नसेल तर लागेल तेवढाच करा आणि लगेच खा. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, कडक उन्हाळ्यात तर तासभरच. शाळेत दुपारी डबा उघडणार असेल तर हा पदार्थ देऊ नका. त्या दिवशी शेंगदाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी द्या. भाजी-चक्का घरी, डोळ्यांसमोर खाऊ घाला. पाव नसेल तर गरम भाकरीवरही तो छान लागतो.

येत्या रविवारी करून बघा. पिळायला मात्र विसरू नका.