मेदातील संप्रेरक, जनुके आणि देणगीचा विनियोग
(संस्थेच्या वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु आपण विश्वासाने दिलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब देणे हे माझे कर्तव्य आहे. त्या नात्याने एका निर्णयाविषयी निवेदन करतो.

हृदयविकाराने वडील गमावलेल्या एका गृहस्थांनी यंदा ॲडिपोनेक्टिन या संप्रेरकाच्या जनुक-तपासणीसाठी देणगी देऊ केली. आपल्या मुलांना धोका आधीच कळावा, ही त्यांची तळमळ. मीही उत्साहाने अंदाजपत्रक तयार केले. नंतर आपल्या डॉक्टरांनी मला समोर बसवून विषय समजावून दिला.

मेद म्हणजे केवळ साठा नव्हे. त्यातून संप्रेरकेही स्रवतात. १९९५-९६च्या सुमारास शोध लागलेले ॲडिपोनेक्टिन हे त्यांपैकी एक. विशेष म्हणजे मेद वाढला की रक्तातील त्याचे प्रमाण घटते. अमेरिकेतील पुरुषांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ज्यांच्या रक्तात ते अधिक होते त्यांना हृदयविकाराचे झटके कमी आल्याचे दिसले. त्याचे जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर असून त्यातील लहानशा फरकांमुळेही हे प्रमाण कमी-अधिक होते.

परंतु पावसाळ्यात तापाचे रुग्ण वाढतात आणि छत्र्यांची विक्रीही वाढते. म्हणून छत्रीमुळे ताप येतो असे कोणी म्हणत नाही. जनुके जन्मतःच, सोडत काढावी तशी, वाट्याला येतात. ॲडिपोनेक्टिन स्वतःच हृदयाचे रक्षण करीत असते, तर ज्यांना ते जनुकांमुळे अधिक लाभले त्यांना हृदयविकार कमी व्हायला हवा होता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात तसा आधार मिळाला नाही. म्हणजे त्याची कमतरता ही बहुधा वाढलेल्या मेदाची खूण आहे, विकाराचे मूळ नव्हे.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तर दाखवून दिले आहे, की आपली माणसे सडपातळ दिसली तरी त्यांच्या शरीरात मेद अधिक असू शकतो. ते पाहण्यास साधी मोजपट्टीही उपयोगी पडते.

मी संकोचानेच त्या गृहस्थांकडे गेलो. क्षणभर स्तब्ध राहून त्यांनी विचारले, "मग मुलांसाठी मी काय करू?" डॉक्टरांचे उत्तर सरळ होते : घराण्यात हृदयविकार आहे, तेव्हा रक्तदाब, रक्तशर्करा व कोलेस्टेरॉल यांची तपासणी लवकर सुरू करा, कंबर मोजा, तंबाखूला थारा देऊ नका. कोलेस्टेरॉल फारच अधिक आढळल्यास कोणती जनुक-तपासणी हवी, ते डॉक्टर सांगतील.

त्या गृहस्थांनी देणगी मागे घेतली नाही. हृदयरुग्णांच्या मुलांची व भावंडांची विनामूल्य तपासणी तिच्यातून सुरू झाली असून पहिली नोंद त्यांच्याच मुलांची आहे. रुग्णांच्या आप्तांनी या सोयीचा अवश्य लाभ घ्यावा, ही नम्र विनंती.