आकलन इंग्रजीचे, उत्तर मराठीत

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्याला इंग्रजी वाचून किंवा ऐकून कितपत कळते हे तपासणाऱ्या परीक्षेने त्याच्याकडून उत्तरही इंग्रजीतच का मागावे, हा प्रश्न महाराष्ट्रात क्वचितच विचारला जातो, आणि प्रस्तुत व्याख्यानाचा रोख मुख्यतः त्याच प्रश्नाकडे आहे. कार्यक्रमपत्रिकेवर श्रवण आणि वाचन अशा दोन्ही कौशल्यांच्या मापनाचे आश्वासन छापले गेले असल्याने ते शक्य तितके पाळले जाईल. मेकॉलेचे १८३५ चे शिक्षणविषयक टिपण, पाचवीपासून शिकवले जाणारे इंग्रजी २००० साली पहिलीत कसे आले, आणि माध्यमाच्या प्रश्नावर झालेले वाद हा इतिहास येथील श्रोत्यांना पाठ आहे असे गृहीत धरून तो बाजूला ठेवलेला बरा, कारण त्यात शिरलेले व्याख्यान वेळेत बाहेर पडल्याचे सहसा दिसत नाही.

परीक्षाशास्त्रात ‘सप्रमाणता’ अशी एक संज्ञा आहे. जी क्षमता मोजण्यासाठी चाचणी तयार केली, तीच क्षमता ती मोजते का, एवढाच तिचा अर्थ. तिच्या जोडीला ‘विश्वसनीयता’ येते, म्हणजे तीच चाचणी पुन्हा घेतली किंवा दुसऱ्या परीक्षकाने तपासली तरी गुण जवळपास तेवढेच पडतात का, हा निकष. आपल्या परीक्षामंडळांनी विश्वसनीयतेची काळजी पुष्कळ घेतली आहे. आदर्श उत्तरपत्रिका, नियामक, गुणांची फेरपडताळणी ही सगळी यंत्रणा त्याचसाठी उभी आहे. परंतु चुकीची गोष्ट अत्यंत काटेकोरपणे मोजता येते, हे त्या यंत्रणेत कोठेही नोंदलेले नसते.

दहावीच्या तृतीय भाषा इंग्रजीच्या कृतिपत्रिकेची रचना पाहिली तर हे स्पष्ट होते. लेखी परीक्षा ८० गुणांची आणि तोंडी परीक्षा २० गुणांची. लेखी ८० पैकी २० गुण पाठ्यपुस्तकातील गद्य उताऱ्यांना आणि १० गुण कवितांना आहेत. हा मजकूर वर्षभर वर्गात शिकवलेला, गाईडमध्ये सोडवलेला आणि अपेक्षित प्रश्नसंचांत घोटलेला असतो, त्यामुळे त्यावरील उत्तर आकलनाचे आहे की स्मरणाचे हे परीक्षकाला सांगता येत नाही. खरी कसोटी लागते ती अपठित उताऱ्यावर, म्हणजे विद्यार्थ्याने पूर्वी न पाहिलेल्या मजकुरावर. तेथे उताऱ्यावरील कृतींना १० गुण असून त्यांची वाटणी एक ते पाच अशा कृतींत, प्रत्येकी दोन गुणांप्रमाणे होते. पहिली साधी तथ्यात्मक, दुसरी थोडी गुंतागुंतीची तथ्यात्मक, तिसरी शब्दसंपत्तीची, चौथी व्याकरणाची आणि पाचवी वैयक्तिक प्रतिसादाची. शब्दार्थ, व्याकरण आणि स्वतःचे मत यांना सहा गुण गेल्यावर उतारा समजला की नाही यासाठी उरतात चार. सारांशलेखनाचे पाच गुण निराळे आहेत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु त्यातही समजण्याइतकाच, किंबहुना अधिकच, इंग्रजी लिहिण्याचा कस लागतो.

हे चार गुण तरी आकलनाचे आहेत का, हे पाहण्यासाठी एक वाक्य घेऊ या: ‘पहाटे गरवट पिंपळ्याने वेशीजवळ तीन झुंबाडे ढवसले, म्हणून कोंबळी भुसावली.’ या वाक्यातील बहुतेक शब्दांना मराठीत काहीही अर्थ नाही. तरीही झुंबाडे कोणी ढवसले, किती ढवसले, कोठे ढवसले आणि कोंबळी का भुसावली, या चारही प्रश्नांची अचूक उत्तरे सभागृहातील प्रत्येकाला देता येतील. वाक्यावरून चार वर्तुळांचे जाळे पूर्ण करता येईल, ‘गरवट’चा विरुद्धार्थी शब्द ‘अगरवट’ असा धीटपणे लिहिता येईल, आणि ‘तुम्ही कोंबळीच्या जागी असता तर काय केले असते?’ यावर पाच ओळी लिहून दोन गुणही मिळवता येतील. (हशा) प्रश्नातील शब्द उताऱ्यात शोधायचा, तो सापडला की ते वाक्य उचलायचे, प्रश्नार्थक शब्दाच्या जागी नाम ठेवायचे, हे तंत्र निमशहरी शाळांतील मुले आठवीतच आत्मसात करतात. त्यात त्यांची हुशारी दिसते, पण ती इंग्रजी समजण्याची हुशारी नव्हे. उत्तर उताऱ्याच्याच भाषेत मागितले की उचलेगिरी आणि आकलन यांच्यातील फरक उत्तरपत्रिकेवर दिसेनासा होतो.

पुढच्या रांगांत इंग्रजीचे अनेक अध्यापक बसले असून, हा आरोप आपल्यावर आहे अशी त्यांची समजूत झाली असावी, असे त्यांच्या चेहऱ्यांवरून वाटते. तसे मुळीच नाही. ज्या पद्धतीने परीक्षा गुण देते त्याच पद्धतीने वर्ग शिकवला जातो, याला परीक्षेचा अध्यापनावरील उलट परिणाम म्हणतात, आणि तो जगभर आढळतो. अध्यापक त्याचा कर्ता नसून बहुतेक वेळा बळी असतो. त्याचप्रमाणे प्रस्तुत प्रतिपादन इंग्रजीविरोधी असल्याचा समज कोणी करून घेऊ नये. इंग्रजीत लिहिण्याची परीक्षा अवश्य असावी, अधिक कडक असावी, मात्र ती लेखनाच्या प्रश्नांत असावी; आकलनाच्या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भाषेत घ्यावे.

हे प्रतिपादन केवळ मराठीच्या अभिमानातून आलेले नाही, कारण त्याला परदेशांतील आधार आहेत. एलाना शोहामी यांनी इस्राएलमधील बारावीच्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. तेथे इंग्रजी उताऱ्यांवरचे प्रश्न काही विद्यार्थ्यांना इंग्रजीत आणि काहींना हिब्रूत दिले गेले. हिब्रूतील प्रश्न सोपे गेले, आणि हा फरक इंग्रजीत कच्च्या असलेल्या विद्यार्थ्यांमध्ये अधिक होता. यावरून मातृभाषेने परीक्षा सोपी होते असा आक्षेप घेता येईल. परंतु उतारा तोच असताना केवळ प्रश्नाची भाषा बदलल्याने गुण बदलत असतील, तर आधीच्या गुणांत उताऱ्याबाहेरचे काहीतरी मोजले जात होते, असाही निष्कर्ष निघतो, आणि तोच अधिक सयुक्तिक आहे. खुद्द इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी फ्रेंच किंवा जर्मन विषयाची परीक्षा देणाऱ्या मुलांना वाचन आणि श्रवणाच्या अनेक प्रश्नांची उत्तरे इंग्रजीत, म्हणजे त्यांच्या भाषेत, लिहायची असतात. इंग्रजांच्या मुलांना जी सवलत चालते ती नांदेड-परभणीच्या मुलांना का चालू नये, याचे उत्तर आजवर मिळालेले नाही. परीक्षेच्या काठिण्याचीच हौस असेल तर केंब्रिजची १९१३ सालची पहिली इंग्रजी प्रावीण्य परीक्षा आदर्श मानावी: तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले. (हशा) त्या परीक्षेतही भाषांतराला स्वतंत्र वेळ होता, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

आकलन ही केवळ शब्दांची बाब नसते, हे दाखवणारा एक प्रयोग येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. मार्गारेट स्टेफन्सेन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन यांनी तो १९७९ साली प्रसिद्ध केला. त्यातील एका नावाने मराठी कान टवकारले जाणे स्वाभाविक आहे. दोन इंग्रजी पत्रे तयार करण्यात आली, एकात अमेरिकी लग्नाचे वर्णन, दुसऱ्यात भारतीय लग्नाचे. अमेरिकेतील भारतीय आणि अमेरिकी अशा दोन्ही गटांना दोन्ही पत्रे वाचायला दिली आणि वाचलेले पुन्हा सांगायला लावले. प्रत्येक गटाने आपल्याकडच्या लग्नाचे पत्र अधिक वेगाने वाचले आणि त्यातले अधिक लक्षात ठेवले. परक्या लग्नाच्या बाबतीत मात्र नकळत अर्थाचा विपर्यास केला. अमेरिकी पत्रातील वधूने आजीचा विवाहपोशाख घातला होता. तेथे ती मोठ्या मायेची, परंपरेची गोष्ट मानली जाते, परंतु एका भारतीय वाचकाने वधू बरी दिसत होती, पोशाख मात्र फारच जुना आणि कालबाह्य होता, असा अभिप्राय दिला. आपल्याकडील मावशी-आत्यांनी मांडवात बसून दिला असता तोच! भारतीय पत्रात मुलीच्या आईवडिलांना धाकधूक होती की वरपक्ष लग्नाआधी स्कूटर मागतो की काय. त्या काळात स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे, हे येथील ज्येष्ठ श्रोत्यांना सांगायला नको; ही मागणी कोण करतो, कोणाच्या तोंडून करवतो आणि ती न झाल्याने मंडळी ‘चांगली’ कशी ठरतात, हे सर्व त्या एका वाक्यात दडलेले होते. अमेरिकी वाचकांना इंग्रजी येत होते, स्कूटर माहीत होती, तरी त्यांना त्यात दोन कुटुंबांमधल्या भेटवस्तूंच्या देवाणघेवाणीपलीकडचे फारसे दिसले नाही. मध्यभागातील काही श्रोत्यांना आपापल्या लग्नातील स्कूटर आठवली असावी, असे तेथील कुजबुजीवरून दिसते, परंतु तो विषय व्याख्यानमालेच्या दुसऱ्या पुष्पासाठी राखून ठेवणे उचित होईल.

या विषयांतराचा मूळ मुद्द्याशी संबंध असा, की आजीच्या पोशाखाविषयीचा प्रश्न आपल्या कृतिपत्रिकेत आला असता तर ‘वधूने आजीचा पोशाख घातला होता’ हे वाक्य जसेच्या तसे उतरवून विद्यार्थ्याने पूर्ण गुण घेतले असते, आणि त्याला काय समजले नाही हे कोणालाही कळले नसते. तोच विद्यार्थी स्वतःच्या भाषेत लिहू लागला की ‘गरीब असल्यामुळे जुने कपडे घातले’ असे काहीतरी लिहील, आणि परीक्षकाला त्याच्या आकलनातील नेमका खड्डा दिसेल. चूक दिसणे हाच चाचणीचा उपयोग असतो.

स्वतःच्या भाषेत उत्तर घेतल्याने काय हाती लागते, याचे देशी उदाहरण ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत सापडते. तिच्या २०२३ च्या अहवालात, २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांमधील ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयोगटाची पाहणी आहे. त्यातील ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्ये वाचता आली, आणि वाचू शकलेल्यांपैकी ७३.५ टक्क्यांना त्यांचा अर्थ सांगता आला. म्हणजे मुळात १०० पैकी सुमारे ४२. हा आकडा उदास करणारा असला तरी तो हाती लागला याचे कारण पाहणीच्या पद्धतीत आहे: मोठ्याने वाचणे वेगळे मोजले, आणि अर्थ मुलांना स्वतःच्या भाषेत सांगू दिला.

राहता राहिली प्रशासकीय अडचण. मराठीसह हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड अशा अनेक माध्यमांचे विद्यार्थी हा विषय घेतात, मग इतक्या भाषांतली उत्तरे तपासणार कोण, असे विचारले जाते. त्याच कृतिपत्रिकेच्या शेवटी पाच गुणांचा भाषांतराचा प्रश्न असून त्यात इंग्रजी शब्द आणि वाक्ये आपल्या माध्यमाच्या भाषेत लिहायची असतात. ती उत्तरे ज्या यंत्रणेकडून आज तपासली जातात तिलाच आणखी चार गुण तपासायला सांगायचे आहे. भाषांतराची सवय लागून इंग्रजीत विचार करणे मागे पडते, हा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्यात तथ्यही आहे. तथापि ज्याला अर्थच लागत नाही त्याला इंग्रजीत विचार करण्याची सवय कशी लागणार, हे आक्षेपकांनी सांगितले पाहिजे.

अध्यक्षमहोदयांकडून आलेल्या चिठ्ठीनुसार दहा मिनिटे उरली आहेत, आणि श्रवणाचा भाग अद्याप सुरूही झालेला नाही. श्रवणाला उरलेसुरले मिळावे हे आपल्या परीक्षापरंपरेला धरूनच झाले. (हशा) गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार वाचनाचे आकलन म्हणजे अक्षरे उलगडण्याची क्षमता गुणिले ऐकून समजण्याची क्षमता. हा गुणाकार असल्याने एक संख्या शून्य झाली की उत्तर शून्य होते, म्हणून श्रवणाकडे दुर्लक्ष करून वाचन सुधारण्याची आशा फोल आहे. दहावीला श्रवणाची जागा तोंडी परीक्षेत आहे, परंतु ती परीक्षा शाळेतच, ओळखीच्या शिक्षकांच्या ओळखीच्या उच्चारांत होते, आणि तेथील गुणांविषयी या सभागृहात अधिक बोलणे सौजन्याचे ठरणार नाही.

ऐकताना मागे वळून पाहता येत नाही. ‘कॅन’ आणि ‘कॅन्ट’ यांतील अंतर अमेरिकी उच्चारात एका ओझरत्या ध्वनीचे असते, आणि तो निसटला की वाक्याचा अर्थ उलटतो. अशा वेळी विद्यार्थ्याला कानाने ऐकत असतानाच हाताने इंग्रजी वाक्य रचायला लावणे म्हणजे त्याच्या स्मरणाची आणि लेखनवेगाची परीक्षा घेणे होय. येथे तर मराठी उत्तराची, किंवा नकाशावर खूण करण्यासारख्या शब्दाविना उत्तराची, गरज वाचनापेक्षाही अधिक आहे. श्रुतलेखनाविषयी, ज्याला १९७० च्या दशकात जॉन ऑलर यांनी केवळ स्पेलिंगच्या परीक्षेपेक्षा मोठे स्थान दिले, बरेच सांगण्यासारखे होते, पण ते वगळावे लागेल.

लाखो मुलांची श्रवणपरीक्षा व्यवहार्य नाही, हे म्हणणे मात्र वगळता येत नाही. दक्षिण कोरियाच्या महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेत इंग्रजीच्या ४५ प्रश्नांपैकी १७ ऐकून सोडवायचे असतात आणि तेवढी सुमारे ३५ मिनिटे देशभरातील विमानांची उड्डाणे व उतरणे थांबवले जाते. जपानने २००६ पासून प्रवेशपरीक्षेत प्रत्येक उमेदवाराच्या हाती एक छोटे ध्वनियंत्र दिले. हाँगकाँगमध्ये मुले स्वतःचा रेडिओ आणि इअरफोन घेऊन परीक्षेला बसत आली आहेत, आणि प्रश्नाचा ध्वनी आकाशवाणीसारख्या प्रसारणातून सर्वांना एकाच क्षणी मिळतो. महाराष्ट्रात दहावीला दरवर्षी सुमारे १५ लाख विद्यार्थी बसतात आणि पुणे, नागपूर, जळगाव, रत्नागिरी येथे आकाशवाणीची केंद्रे आहेत. विमाने थांबवण्याची गरज नाही. परीक्षेच्या त्या अर्ध्या तासात शाळेसमोरून वाजंत्री जाणार नाही, एवढे पोलीस ठाण्याने पाहिले तरी पुरे. पहिल्या वर्षी हा प्रयोग नववीच्या वार्षिक परीक्षेत, एका विभागीय मंडळाच्या क्षेत्रात, १० गुणांसाठी करावा, प्रश्न माध्यमाच्या भाषेत छापावेत, उत्तरेही त्याच भाषेत घ्यावीत, आणि त्याच विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना हेच प्रश्न इंग्रजीत देऊन दोन्ही गटांचे गुण मंडळाने प्रसिद्ध करावेत.