शिलारसाचे तपमान



हवाई बेटांतील किलाउएआ ज्वालामुखीच्या वाहत्या लाव्हारसाचे तपमान जागेवर जाऊन मोजता येते. ते सुमारे ११५० अंश सेंटिग्रेड भरते. ग्रॅनाइटची गोष्ट तशी नाही. तो जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोल थिजला, आणि त्याचा रस होता तेव्हा मोजायला कोणी नव्हते. तरीही अमुक ग्रॅनाइट ७५० अंशांचा, तमुक ८०० अंशांचा, असे भूशास्त्रज्ञ बोलतात. ते कशाच्या आधारावर, एवढेच आज आम्ही सांगणार आहोत.

आधार आहे तो झिर्कॉन नावाच्या स्फटिकाचा. मराठी पुस्तकांत त्याला गोमेद म्हणतात. पण सराफाकडे गोमेद म्हणून मिळतो तो खडा बहुधा गार्नेटच्या जातीचा असतो. तेव्हा घोटाळा नको, आम्ही झिर्कॉनच म्हणू. ग्रॅनाइटात त्याचे कण बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढे असतात.

खडीसाखर कशी होते ते पाहा. गरम पाकात दोरे सोडून तो सावकाश निवू दिला म्हणजे दोऱ्यांवर खडे धरतात. कारण गरम पाकात मावलेली सगळी साखर निवलेल्या पाकात मावत नाही. शिलारसात झिर्कोनियमचे तसेच होते. रस निवत जातो, एका तपमानाला झिर्कोनियम मावेनासे होते आणि झिर्कॉनचे स्फटिक धरू लागतात. १९८३ साली वॉटसन आणि हॅरिसन या अमेरिकेतील संशोधकांनी ७५० ते १०२० अंशांपर्यंत प्रयोग करून कोणत्या रसात किती झिर्कोनियम मावते याचे सूत्र बसविले. एका नेहमीच्या घडणीच्या ग्रॅनाइटात दशलक्ष भागांत १०० भाग झिर्कोनियम असेल तर सूत्र सुमारे ७५० अंश सांगते. २०० भाग असेल तर सुमारे ८१५.

रसाची घडण मात्र ठाऊक हवी. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट घ्या. त्याच्या रसात सिलिका कमी, चुना जास्त आणि उष्णताही अधिक. अशा रसात झिर्कॉन सहज विरघळतो, आणि धरलाच तर अगदी शेवटी उरलेल्या थेंबांत धरतो. म्हणूनच दख्खनच्या लाव्हाथरांचे वय झिर्कॉनवरून काढणाऱ्यांनी, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या कामात, थरांच्या मधल्या तांबड्या पट्ट्यांत पडलेल्या ज्वालामुखी राखेतून त्याचे कण वेचले.

आता खरी मेख. पाकाच्या तळाशी न विरघळलेली साखर राहिली असेल, आणि आपण ती पाकातच मोजली, तर हिशेब चुकणार. ग्रॅनाइटातही जुन्या खडकातून आलेले, न विरघळलेले झिर्कॉन असतात. नव्या स्फटिकाच्या पोटात जुना गाभा दिसतो, आणि युरेनियम-शिशाच्या प्रमाणावरून त्याचे वयही वेगळे निघते. असे गाभे पुष्कळ असतील तर आलेला आकडा वरची मर्यादा समजावा. रस त्याहून थंडच असणार. गाभे नसतील तर उलट: रस निघाला तेव्हा निदान तेवढा तरी तापलेला होता. २००३ साली मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी दोन कुळेच मांडली. गाभेवाल्या ग्रॅनाइटांची सरासरी ७६६ अंश, बिनगाभेवाल्यांची ८३७. एवढ्या कमी उष्णतेवर खडक पुरेसा वितळायचा तर बाहेरून पाणी मिळालेले असावे, असा त्यांचा तर्क. आमच्या मते या पद्धतीचे मोल आकड्यापेक्षा या प्रश्नात अधिक आहे.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स येथे ४४० कोटी वर्षांपूर्वीपर्यंतचे झिर्कॉन सापडले आहेत. ते पुढे साचलेल्या वाळूगोट्यांच्या खडकात आहेत. ज्या रसात ते धरले त्याचा खडकच उरलेला नाही. तेथे वरचे सूत्र लावणार कशाला? मग खुद्द कणातील टायटॅनियम मोजतात. झिर्कॉन जितका गरम रसात धरेल तितके टायटॅनियम त्यात अधिक शिरते. तरी ते दशलक्षात काही भागच. या रीतीने वॉटसन आणि हॅरिसन यांनीच २००५ साली सुमारे ७०० अंश हा आकडा काढला आणि म्हटले की, पृथ्वीच्या बाल्यातच पाण्याच्या साहाय्याने ग्रॅनाइटसारखा रस होत होता. पुढच्याच वर्षी आक्षेप निघाला: समुद्रतळाच्या गॅब्रो खडकांतील झिर्कॉनही, शेवटच्या उरल्या रसात धरल्यामुळे, त्याच सुमाराची तपमाने दाखवितात. आक्षेप वजनदार आहे. तपमान एकट्याने रसाची जात सांगत नाही. म्हणून त्या कणांतील ऑक्सिजनचे प्रकार आणि कणांच्या पोटात अडकलेली इतर खनिजे यांची साक्षही काढावी लागते.